साय की शंख

तक्तेसाहेबांनी आयुष्यात एकच गोष्ट तक्ता न मांडता केली, ती म्हणजे लग्न. आणि तेसुद्धा समोरच्या पार्टीने घाई केली म्हणून. एरवी ऑफिसच्या खरेदी विभागात स्टेपलर घ्यायचा असो नाहीतर लोखंडी कपाट, साहेब आधी कागदावर उभ्या-आडव्या रेघा मारणार, एका बाजूला 'अ', दुसऱ्या बाजूला 'ब', खाली गुण, दोष, शेरा. आणि तो कागद चार टेबलांवरून फिरून परत येईपर्यंत जुन्या स्टेपलरवरच भागवणार. हे नाव त्यांना तिथेच पडलं. लोक पाठीमागे हसतात हे त्यांना ठाऊक होतं, पण नावात 'साहेब' आहे म्हणून त्यांनी ते चालवून घेतलं होतं.

अशा माणसावर घरातल्या एका खोलीला रंग काढायची वेळ आली.

खोली म्हणजे मागची, लहान. गेली सहा वर्षं ती इस्त्रीचं टेबल, बंद पडलेली व्यायामाची सायकल आणि 'असू दे, लागेल कधीतरी' या सदराखाली जमलेला पसारा सांभाळत होती. ती रिकामी करायचं कारण नाना. नाना म्हणजे साहेबांचे वडील. चाळीस वर्षं त्यांनी घड्याळं दुरुस्त केली. उजव्या डोळ्याला भिंग लावायचं, डावा मिटायचा आणि घड्याळाच्या पोटात शिरायचं, हा त्यांचा धंदा. साहेबांची आई गेल्यापासून ते दुसऱ्या गावी एकटेच राहत होते. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन इथल्या दवाखान्यात येत्या दहा तारखेला ठरलं होतं, आणि नानांनी फोनवर आधीच बजावून ठेवलं होतं, "चार दिवस येतो. पट्टी सुटली की परत."

हे 'चार दिवस' साहेबांना टोचत होते. नानांनी आता एकटं राहू नये, कायमचं इथेच यावं, असं त्यांना मनापासून वाटत होतं. मागच्या महिन्यात नानांनी साखर समजून चहात मीठ घातलं आणि कुणाला कळू नये म्हणून तो चहा तसाच पिऊन टाकला. नानांच्या शेजाऱ्याने हे हसत हसत सांगितलं, पण त्या दिवशी ऑफिसात साहेबांना एक ओळ लिहिता आली नाही. 'नाना, इथेच राहा' हे तीन शब्द त्यांनी पूर्वी एकदाच उच्चारले होते. त्यावर नाना म्हणाले होते, "का? मला घर नाही?" झालं. त्यानंतर बापाने तो विषय काढला नाही आणि मुलाची हिंमत झाली नाही.

"खोली पाहुण्यांची वाटता कामा नये," बायकोने सल्ला दिला. "त्यांची स्वतःची वाटली पाहिजे. मग बघू कसे जातात ते."

साहेबांना हे एकदम पटलं. जे आपल्याला तोंडाने बोलता येत नाही ते भिंतीने बोलावं. मात्र मग भिंत चांगलीच बोलली पाहिजे. हातात तीन आठवडे होते आणि रंगारी म्हणाला होता, "एवढीशी खोली, तीन दिवसांत होऊन जाईल." म्हणजे वेळच वेळ. साहेबांसारख्या माणसाला वेळ मिळू देणं किती धोक्याचं असतं याची त्या बिचाऱ्या रंगाऱ्याला काय कल्पना!

रंगाऱ्याने शेडकार्ड आणून दिलं. साहेबांनी दोन दिवस त्याचा अभ्यास केला आणि दोन रंग शिल्लक ठेवले. एक 'सकाळची साय', दुसरा 'शांत शंख'. साय किंचित पिवळ्याकडे झुकलेली, शंख किंचित निळ्याकडे. हे 'किंचित' घरात फक्त साहेबांना दिसत होतं. बायकोने कार्ड खिडकीत धरलं, बल्बखाली धरलं, एकदा उलटंही धरलं आणि म्हणाली, "दोन्ही पांढरेच आहेत."

"पांढरे?" साहेबांना लागलं. "अगं, साय उबदार आहे. शंख थंड आहे."

"मग साय घ्या. नानांना थंडी सोसत नाही."

खरं म्हणजे काम इथेच संपलं होतं. पण एका माणसाच्या एका वाक्यावर निर्णय घ्यायचा, तर बाकीच्या कॉलमांत काय भरायचं? साहेबांनी रंगाऱ्याला दोन्ही रंगांचे लहान डबे आणायला सांगितलं, भिंतीवर शेजारी शेजारी दोन चौकोन रंगवून घ्यायचं ठरवलं, आणि ऑफिसातल्यासारखी जाड वही आणली. तिच्यात रकाने आखले: अनुक्रमांक, नाव, वेळ, उजेड, मत, सही. सही कशाला, असं बायकोने विचारलं. "उद्या कुणी म्हणेल मी असं म्हणालोच नव्हतो," साहेब म्हणाले.

आता सोसायटी. लिफ्टमधून रंगाचे डबे न्यायचे तर सेक्रेटरींची परवानगी लागते. साहेब रीतसर अर्ज घेऊन गेले. सेक्रेटरींनी चष्मा लावला, अर्ज वाचला, चष्मा काढला.

"रंगाचं नाव या रकान्यात तुम्ही दोन नावं लिहिलीत."

"अजून ठरलं नाही ना."

"मग ठरल्यावर या."

"ठरवायचं तर भिंतीवर लावून बघावं लागेल. लावायला डबे वर न्यावे लागतील. त्यालाच परवानगी हवी."

"बरोबर."

"आणि परवानगीसाठी रंग ठरलेला हवा."

"अगदी बरोबर," सेक्रेटरी समाधानाने म्हणाले. समोरच्याला नियम इतका स्वच्छ समजल्याचा आनंद त्यांना फार वर्षांनी मिळाला असावा.

खरं तर साहेबांनी चिडायला हवं होतं. पण आतून त्यांना त्या माणसाबद्दल आदरच वाटला. आपल्या ऑफिसात असता तर कुठल्या कुठे गेला असता, असं त्यांच्या मनात आलं. शेवटी सायीचा एक अर्ज आणि शंखाचा एक अर्ज, असे दोन दिले. तर पहिला विचाराधीन असताना दुसरा घेता येत नाही असं निघालं. मग पहिला मागे घेण्याचा तिसरा अर्ज. या सगळ्यात आठवडा गेला, पण शेवटी डबे वर गेले आणि भिंतीवर दोन चौकोन रंगले. सेक्रेटरी स्वतः पाहणीला आले, वहीत सही केली आणि जाता जाता म्हणाले, "माझं मत शंख. जिन्याला मॅच होतो." नाना जिन्यात राहणार नव्हते, पण साहेबांनी मत नोंदवून घेतलं.

रंगारी मात्र रोज सकाळी आठला हजर. "साहेब, ठरलं?" "आज नाही." मग तो व्यायामाच्या सायकलवर बसून चहा पिणार आणि निघून जाणार. बसल्या बसल्या पाय हलवायची त्याला सवय. दुसऱ्या आठवड्यात ती सायकल सुरू झाली. सहा वर्षांत दोन मेकॅनिकना जे जमलं नव्हतं ते चहाने जमवलं.

मतं द्यायला माणसांची वाण नव्हती. आपल्याकडे कुणाला मदत मागितली तर पाठ दुखते. मत मागा, जिने चढून येतात. वरच्या मजल्यावरचे रिटायर्ड ड्रॉइंग मास्तर तर निरोप जायच्या आधीच आले. काळा कोट, हात पाठीशी. त्यांनी दोन्ही चौकोनांकडे बराच वेळ बघून मान हलवली.

"तुमचं मुळातच चुकलंय. दोन रंग शेजारी ठेवलेत की ते एकमेकांना बिघडवतात. दोन वांड पोरं मी कधी एका बाकावर बसवली नाहीत."

"मग काय करायचं, मास्तर?"

"लांब ठेवा. एक या भिंतीवर, एक त्या."

जुने चौकोन पुसून नवे लांब रंगवले. पण मग सायीवर खिडकीचा उजेड आणि शंख अंधारात. हा सरळसरळ पक्षपात झाला. साहेबांसारख्या न्यायी माणसाला तो कसा चालणार? म्हणून चारही भिंतींवर दोन्ही रंग, एकमेकांपासून हात-दीड हात लांब. एकूण आठ चौकोन. मास्तर कौतुकाने दोन पावलं मागे सरकले, डोळे बारीक करून आणखी एक पाऊल मागे सरकले आणि मागच्या भिंतीला टेकले. तिथला रंग पाच मिनिटांपूर्वीचा होता.

"कोटावर चांगला दिसतोय हो," रंगारी सायकलवरून म्हणाला.

मास्तरांनी मान वळवून पाठ बघायचा प्रयत्न केला. आयुष्यभर दुसऱ्यांची चित्रं तपासलेल्या त्या माणसाचा चेहरा बघवत नव्हता. "कुठला आहे?" त्यांनी हळूच विचारलं.

"शंख," साहेब म्हणाले, आणि सवयीने वहीत लिहूनही टाकलं: गडद पार्श्वभूमीवर शंख उठून दिसतो. मास्तरांनी सही केली नाही. पुढे चार दिवस ते जिन्यात भेटले तरी बोलत नव्हते.

आठ चौकोनांखाली साहेबांनी 'अ' आणि 'ब' अशा चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. रंग लवकर सुकावा म्हणून बायकोने पंखा मोठा केला. तासाभराने आठही चिठ्ठ्या जमिनीवर. बायकोने त्या नीट गोळा करून, झटकून, वहीत घालून ठेवल्या, बाई नीटनेटकी.

साहेब संध्याकाळी ऑफिसातून आले, खोलीच्या मधोमध उभे राहिले, आणि त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. ओल्या रंगात ओळखू येणारं ते 'किंचित' सुकल्यावर, बल्बच्या उजेडात, त्यांनाही दिसेना. एकदा वाटे हा साय, एकदा वाटे तोच शंख. बायको दारात उभी होती. तिने आठही चिठ्ठ्यांसकट वही त्यांच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी रंगाऱ्याने कप खाली न ठेवता एकेका चौकोनाकडे बोट केलं. "ही साय. हा शंख. हा शंख. ही साय."

"कशावरून?" साहेबांनी अधीर होऊन विचारलं.

"सायीला जुना ब्रश वापरला होता. केस गळतात त्याचे. हे बघा, चिकटलेत."

बघितलं तर खरंच, चार चौकोनांत बारीक बारीक केस. तज्ज्ञ म्हणजे काय ते साहेबांना त्या दिवशी कळलं. मात्र 'ओळख: केसांवरून' हे त्यांनी वहीत अगदी बारीक अक्षरात लिहिलं.

तिसऱ्या आठवड्यात समोरच्या इमारतीने दुरुस्ती काढली आणि वरपासून खालपर्यंत हिरवं कापड टांगलं. त्या उजेडात साय कच्च्या कैरीसारखी दिसू लागली आणि शंख आजारी. आधीच्या नोंदी एका उजेडातल्या, नंतरच्या दुसऱ्या. साहेबांनी त्या इमारतीच्या मुकादमाला कापड कधी काढणार म्हणून विचारलं. "काम झालं की," तो म्हणाला. "काम कधी होणार?" "कापड काढलं की समजायचं झालं." इथेही सेक्रेटरींचाच कुणी नातेवाईक असावा.

आठ तारखेला साहेबांनी मतमोजणी केली. एकूण बावीस मतं. साय अकरा, शंख अकरा.

ऑफिसात अशा वेळी फाइल वरच्या साहेबांकडे जाते. "घरात तुमच्यावर कोण आहे?" बायकोने विचारलं. "मी आहे. मी म्हणते साय. उद्या रंग द्या."

या वेळी साहेबांनी मान खाली घातली आणि रंगाऱ्याला फोन लावला. रंगारी म्हणाला, "साहेब, माझं दुसरं काम सुरू झालं की कालपासून. मोठा बंगला आहे. तिथे एका तासात रंग ठरला."

नऊ तारखेला दुपारी नाना आले. हातात एक पिशवी, चार दिवसांचे कपडे. साहेबांनी त्यांना हाताला धरून मागच्या खोलीत नेलं आणि श्वास रोखून दारात थांबले. आठ ठिगळं लावलेल्या त्या खोलीत नवी चादर, नवा पडदा आणि कोपऱ्यात सायकल. नानांनी धुक्यातून बघावं तसं चारी बाजूंना बघितलं.

"वा. रंग काढलास वाटतं. छान आहे, पिवळसर."

बायकोने साहेबांकडे बघितलं. साहेबांनी जमिनीकडे. नानांना ठिगळं दिसलीच नव्हती. अब्रू वाचली म्हणून साहेबांना बरं वाटायला हवं होतं, पण त्यांना रडू आलं. इतकं कमी दिसत असताना हा माणूस एकटा स्टोव्ह पेटवतो, एकटा रस्ता ओलांडतो, आणि आपण तीन आठवडे साय आणि शंख करत बसलो. ते पाणी आणायच्या निमित्ताने आत गेले आणि बराच वेळ पाणीच आणत राहिले.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. डॉक्टर म्हणाले, डावा डोळा दोन महिन्यांनी करू. घरी येऊन नाना आपल्या खोलीत गेले, आणि दोन मिनिटांनी आतून हाक आली.

"अरे, ही काय भानगड आहे? भिंतींना ठिगळं कुणी लावली?"

लपवण्यात अर्थ नव्हता. साहेबांनी वही आणून दिली. नाना पलंगावर बसले आणि नव्या डोळ्याने पहिल्या पानापासून वाचू लागले. सेक्रेटरी, जिन्याला मॅच. मास्तर, सही नाही. केसांवरून ओळख. मधे एकदा त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. शेवटचं पान उलटून त्यांनी वही मांडीवर ठेवली.

"बावीस माणसांना विचारलंस. खोली कुणासाठी?"

"तुमच्यासाठी, नाना."

"यात माझं नाव कुठे दिसत नाही."

साहेबांनी खरेदी विभागात एकवीस वर्षं काढली, पण ज्याला वस्तू वापरायची त्याला विचारायचं, असा रकाना त्यांच्या कुठल्याच तक्त्यात नव्हता.

"आणि चार दिवसांसाठी एवढा खटाटोप?" नाना म्हणाले. "मी काय, परवा निघालो."

"चार दिवसांच्या पाहुण्यासाठी कुणी तीन आठवडे भिंतीकडे बघत बसतं का, नाना?" साहेबांचा आवाज एकदम चढला आणि मग फाटला. "तुम्ही मीठ घातलेला चहा पिता आणि आम्हाला दुसऱ्याकडून कळतं. मला बोलता येत नाही म्हणून मी रंग काढत होतो. तोही जमला नाही. झालं?"

एवढं एका दमात ते आजवर बापाशी कधी बोलले नव्हते. बायको दाराशी आली होती, तिथेच थांबली. नानांनी खिडकीकडे बघितलं. मग चाळीस वर्षांच्या सवयीने डावा डोळा मिटला आणि नुसत्या उजव्याने भिंत बघितली. मग उजवा मिटला आणि डाव्याने बघितली. मग परत उजव्याने.

"गंमतच आहे," ते स्वतःशीच म्हणाले. "उजव्या डोळ्याला आठ चौकोन स्वच्छ दिसतात. चार पिवळट, चार निळसर. डाव्याला सगळी भिंत एकच. सगळी साय."

"नाना, खरंच दिसतो फरक?" साहेब सगळं विसरून पुढे झाले. "म्हणजे मला वेड लागलं नव्हतं!"

"फरक आहे. पण आता माझ्याच दोन डोळ्यांचं एकमत नाही. असं अर्धवट मत कसं द्यायचं?" नानांनी हात पुढे केला. "पेन दे."

तेविसाव्या ओळीत त्यांनी वळणदार अक्षरांत आपलं नाव घातलं आणि मताच्या रकान्यात लिहिलं: डावा डोळा झाल्यावर. खाली सही केली.

"पण नाना, त्याला दोन महिने आहेत," साहेब म्हणाले. "तुमच्या उजव्या डोळ्याला शंख बरा वाटत असेल तर मी आजच दुसरा रंगारी बघून..."

बायकोने त्यांच्या दंडाला असा चिमटा काढला की वाक्य तिथेच तुटलं.

"घाई कशाला करता?" ती गोड आवाजात म्हणाली. "नानांना नीट बघू द्या. रोज बघितल्याशिवाय रंग कळतो होय?"

"तेच म्हणतोय मी," नाना भिंतीकडे बघत म्हणाले. "बघायचं तर इथे असायला हवं."

तेव्हा कुठे तक्तेसाहेबांच्या डोक्यात उजेड पडला. ते दंड चोळत खाली बसले, आणि कितीतरी वेळ त्यांच्या चेहऱ्यावर येडबंबू हसू होतं.

डावा डोळाही झाला. चोविसाव्या ओळीत नानांनी लिहिलं: दोन्ही डोळ्यांनी पाहिले, पण हिरव्या कापडामुळे नक्की सांगता येत नाही. कापड निघालं. पंचविसावी ओळ: उन्हं कलल्यावर पुन्हा पाहावे. मधे एका रविवारी बाप-लेक गावी जाऊन नानांची हत्यारांची पेटी आणि भिंतीवरचं मोठं घड्याळ घेऊन आले. नानांनी स्वतः खिळा ठोकला, एका सायीच्या आणि एका शंखाच्या बरोबर मधोमध. आता मास्तर रोज दुपारी आपलं मनगटी घड्याळ दाखवायला खाली येतात. कोट घालत नाहीत, आणि भिंतीपासून लांब बसतात.

बंगला संपवून रंगाऱ्याचा फोन आला तेव्हा साहेब ऑफिसातून नुकतेच येऊन चहा पीत होते. आतल्या खोलीत घड्याळाने सहाचे ठोके दिले.

"साहेब, ठरलं का हो रंगाचं?"

"नाही," साहेब म्हणाले. "देवाच्या दयेने अजून काहीच ठरलेलं नाही."